घळीतली मोजणी

चैत्र संपताना येऊरचं रान
अंगावरचं सगळं उतरवून बसतं.
साग, ऐन, मोई, नुसती हाडं.
पण ओढ्याच्या घळीत उतरलं
की चष्म्यावर एकदम हिरवं येतं :
लोखंडी, अंजनी, जांभूळ,
आणि एक सातवीण,
आम्हा दोघींच्या कवेत न मावणारी.

दहा मीटरचा चौकोन. चार खुंट्या, सुतळी.
मी वही धरते, बायजी वरठा टेप.
"सव्वीस."
सेंटिमीटर?
"तुझ्या पट्टीवर तेच लिहिलंय.
माझ्या हातानं विचारशील तर दीड वीत."

वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय : साष्टी बेट.
बायजी हसते. बेट कसलं?
रिक्षा येते की पाड्यापर्यंत.
मी हात फिरवून दाखवते,
इकडे ठाण्याची खाडी, तिकडे वसईची,
पलीकडे समुद्र. माणसांसाठी पूल झाले,
बी काही पुलावरून येत नाही.
"मग?"
धनेश आणतो. वाघूळ आणतं. पोटातून.
"म्हणजे जकात न भरता,"
आणि ती पुढच्या खोडाकडे वळते.

मोठी झाडं एकोणीस. गेल्या सालाइतकीच.
अंजनीची रोपं तेव्हा सात होती.
वर बंगल्याच्या गच्चीवर
रात्री तीनपर्यंत दिवे असतात, लग्नांचे,
वाघळं आता घळीला वळसा घालून जातात
असं बायजीचा मुलगा सांगतो.
माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही.

सदाहरित म्हणजे पानं गळत नाहीत असं नाही,
मी तिला सांगते, गळतात,
फक्त सगळी एकदम नाही.
बायजी पायाखालचा पाचोळा अंगठ्यानं उकरते.
खाली ओल आहे, काळी.
"आमच्याकडं एका सालात चार गेली," ती म्हणते.
"कोण कोण ते विचारू नको."
मी विचारत नाही.
टेप गुंडाळायचा आवाज तेवढा होतो.

मग ते सापडतं, सातविणीच्या मुळाआड,
बोटभर, चार पानं. अंजनी. एक.

चौकोनात ढवळाढवळ करायची नाही,
नियमावलीत पहिलीच ओळ.
बायजी नियमावली वाचत नाही.
करवंदीची डहाळी तोडून आणते,
रोपाभोवती काटे खोचते,
एक, दोन, पाच,
बोटावरचं रक्त परकराला पुसते.

मी रकान्यात लिहिते : १.
शेऱ्याची जागा कोरी ठेवते.