तीनशे अकरा चिंचोके

कृष्णेत पोहायचं नाही, हे घरच्यांनी एकदा सांगितलं
आणि डिग्रजच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरीनं दोनदा.
म्हणून मगदूम आप्पांची विहीर.
चाळीस फूट लांब. मे महिन्यात पाणी इतकं खाली
की बावीस पायऱ्या उतराव्या लागतात
आणि एकविसाव्या पायरीला कपारीतून एक पारवा उडतो,
रोज तोच, रोज तितकाच दचकून.

तीन हजार आठशे मीटर भागिले चाळीस फूट :
हिशेब आप्पांनीच केला, हळदपट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.
तीनशे अकरा. वर थोडं उरतंय,
ते देवाला, म्हणाले.

रविवारी मी सगळं उलटं करते.
आधी सायकल, मग पळणं, विहीर शेवटी.
पुण्याचा कोच फोनवर चिडतो : अगं, क्रम असतो त्याला!
त्याला काय सांगू, की अकरा वाजता तासगावच्या रस्त्यावर
बाटलीतलं पाणी चहाइतकं होतं,
बेदाण्याच्या रिकाम्या शेडांतून गंधकाचा वास अजून येतो,
आणि त्या पुढच्या सबंध तासात
मी फक्त विहिरीच्या तळाचा विचार करते.

पळताना उसाची भिंत दोन्हीकडे.
पान हलत नाही.
बाभळीखाली भाकरी सोडून बसलेल्या भांगलणीच्या बायका
मला येताना बघतात, जाताना बघतात,
परत येताना एक विचारतेच,
"कुणी मागं लागलंय का गं बाई?"
"न्हाई ओ मावशी."
"मग?"

ते *मग* दोन किलोमीटर माझ्याबरोबर पळालं.

मी मिरजेत लॅबमध्ये रक्त तपासते.
गुरुवारी एक हमाल आला, हळदीची पोती उचलता उचलता पडलेला.
सोडियम एकशे बावीस.
मी आकडा दोनदा तपासला, मग वर कळवला.
त्याच्या शर्टावर पाठीभर मिठाची रेघ होती,
वेडीवाकडी, नदीच्या नकाशासारखी,
आणि तशीच रेघ माझ्या शर्टावर असते दर रविवारी.
फरक एवढाच
की या उन्हाची मी फी भरली आहे.
बावन्न हजार. हप्त्यानं.

हे कुणाला बोलले नाही.
बेसिनमध्ये शर्ट बुडवला, पाणी खारट झालं का
ते बोट लावून बघितलं.

आप्पा काठावर बसतात, विहिरीकडे पाठ करून.
बाईमाणूस पोहतंय, बघू नये. इतकं सरळ आहे त्यांचं.
भिंतीला हात लागून मी वळले की पाण्याचा आवाज वळतो,
तो ऐकून जर्मनच्या वाटीत
एक चिंचोका.
टक्.
शंभराच्या पुढे मी मोजत नाही.
डोळ्यांपुढे हिरवट काळोख, वर चौकोनी पांढरं आभाळ,
टक्.
खांद्यात काहीतरी गंजलेलं, बिजागरीसारखं,
टक्.

आज कितव्या चकरेला, माहीत नाही,
पोटरीत गोळा आला.
पाय आखडून दगड झाला, मी उलटी झाले
आणि पाण्यावर नुसती पडून राहिले.
कान पाण्याखाली.
तिथं आत कुठला तरी झरा सुरू होता, बारीक,
या एवढ्या उन्हाळ्यातही, कुणी न सांगता.
शर्यत नव्हती, कोच नव्हता,
त्या मावशीचं *मग* सुद्धा नव्हतं.

किती वेळ, ते वाटीला ठाऊक.

मग वरून आवाज आला, पाण्यातून मऊ होत.
आप्पा उठले असणार. वळले नसणार.
"पोरी... हाईस न्हवं?"

मी तोंड वर काढलं.
"हाय, आप्पा."

जरा वेळ काहीच नाही.
मग त्यांनी घसा खाकरला,
"एकशे सत्याऐंशी झाल्यात," म्हणाले,
"घाई न्हाई."