घोळ ठेवली

युरियाचं शेवटचं पोतं इरप्पानं
झटकून, धुऊन, घडी घालून
सायकलच्या कॅरिअरला अडकवलं.
कोंडा मॅडमनी आणलं शेण, गूळ, बेसन;
निळ्या पिंपात आठवडाभर काठी फिरली
आणि वास थेट प्राचार्यांच्या केबिनपर्यंत.

एप्रिल. सोलापूर. बेचाळीस.
लॉन पिवळं, नॅकची कमिटी सोमवारी.
"हिरवं दिसलं पाहिजे," एवढंच म्हणाले सर.

इरप्पा उकिडवा बसून नागरमोथा उपटत राहिला.
घोळ मात्र ठेवली.
झाडूवाल्या बायका संध्याकाळी पदरात नेतात,
आता दोन पाण्यांत धुतली तरी चालते.

सोमवारी कमिटीनं विचारलं,
मधला एवढा तुकडा कापायचा राहिला का?
इरप्पा म्हणाला,
हळू बोला सायेब,
टिटवी बसलीय अंड्यावर.