सांध्यावरचा बुडबुडा

ग्रिम्सबीच्या गोदीमागे हेझल थर्लबीचं मासळीचं दुकान.
मी तिच्या शीतपेटीमागे उकिडवा,
सांध्यावर साबणाचं पाणी फासतोय.
एक बुडबुडा फुगतो. थांबतो. मग दुसरा.

"दरवर्षी घोटभर गॅस भरतोसच की," ती म्हणते,
सुरीवरचे हॅडॉकचे खवले पुसत.

नवा भरता येत नाही, हेझल.
जुनाच, गाळून शुद्ध केलेला,
आणि तोही तीस सालापर्यंत.
किलोभर निसटला तर हवेवर चार टनांचा भार.
ती वजनकाट्याकडे बघते,
जन्मभर औंसाऔंसाला जागलेली बाई.

नव्या यंत्राचं कोटेशन मी ओल्या कट्ट्यावर ठेवत नाही,
हातातच धरून राहतो.

"त्यात काय असतं?"
कार्बन डायऑक्साइड.
"ज्याच्या नावानं सगळं जग बोंबलतं, तोच?"
तोच. आत्ता तू सोडलास तो.

हेझल काचेशी वाकते, हळूच 'हाऽ' करते.
बर्फावरचे बांगडे धुक्यात जातात.
त्या धुक्यावर बोटानं ती एक आकडा लिहिते.
हप्ता, की दुकानाची उरलेली वर्षं?

मी पलीकडून वाचतोय, उलटा;
आणि तो पुसट होत चाललाय.