खिसे तपासून

मनामाच्या त्या हॉटेलात तळघरं दोन.
वरच्यात शेखलोकांच्या गाड्या, खालच्यात आम्ही:
मी, मुश्ताक खोत, मुक्काम म्हसळा,
त्रिचूरचा कुंजुमोन,
आणि फरीद नावाचा बरिसालचा पोरगा,
वाफेत उभा राहून नदी आठवणारा.

मोठी माणसं आमच्याकडे चेहऱ्याशिवाय यायची.
पिशवीवर खोलीचा नंबर, आत दिवसभराचा घाम.
चेहरा पेपरात. कॉलर आमच्याकडे.

सबनीस पहिल्यांदा आला शारजाहून,
दोन दिवसांच्या कसल्याशा प्रदर्शनी सामन्याला.
पांढरा शर्ट एकच. काखेत रफू,
दोरा जरासा पिवळट, घाईत ओवलेला.
उजव्या गुडघ्यावर गवताचा डाग.
डाग मी व्हिनेगरनं काढला.
रफूला हात लावला नाही.

सहा वर्षांनी चौदा शर्ट.
छातीवर टायर, बाहीवर सिमेंट,
पाठीवर कुठल्याशा बँकेचं नाव.
मग समालोचनाचा निळा कोट,
आणि पँटीचे गुडघे स्वच्छ,
इतके, की मला वाईट वाटलं.
शेवटी आला सलमाबादला, सुपरमार्केटची फीत कापायला.
कंबर दोन बोटं सोडलेली,
खिशात गोळ्यांची पट्टी, चार उरलेल्या.
पाकिटात घालून वर पाठवली.
सोबत दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या.
लिहिल्या नाहीत.

एक मंत्री तीनदा आला.
तिन्ही वेळा पक्ष वेगळा,
स्टार्च मात्र तेवढाच सांगायचा.

आणि फणसे.
गजानन फणसे, मंडळाच्या गणपतीत एकपात्री करायला आलेला.
तेव्हा नाव नव्हतं त्याला,
तिकीट वर्गणीतून काढलेलं.
खिसे तपासा, हा नियम आमच्या भिंतीवर चार भाषांत.
त्या रात्री डबल ड्यूटी होती, मी तपासले नाहीत.
पँटीत हॉटेलच्या साबणाच्या वड्या, सतरा,
बायकोला, बहिणीला, शेजारपाजारी वाटायला जमवलेल्या.
मशीन फिरलं
आणि फेस आला.
दारातून, नळीतून, थेट लिफ्टपर्यंत.
कुंजुमोन गुडघाभर फेसात, मल्याळीत शिव्या देत,
फरीद मटकन खाली बसून मांड्या थोपटत हसतोय,
इथं आल्यापासून पहिल्यांदाच,
आणि फणसे स्वतः लुंगीवर खाली उतरला, पँट मागायला.
दारात थांबला. बघत राहिला.
मला वाटलं, ओशाळला.
तो मोजत होता.
कोण कुठे हसतंय, किती वेळ, ते मोजत होता.

पुढं बावीस वर्षं तोच किस्सा.
नाट्यगृहात, कॅसेटवर, टीव्हीवर, सत्काराच्या भाषणांत.
फक्त त्यात साबण चोरतो तो धुलाईवाला,
तिरळा, बोबडा, कोकणी हेल काढणारा,
आणि भोळा बिचारा पाहुणा, खोली तीनशे चौदातला.
म्हसळ्यात माझ्या लेकीनं तो हेल पाठ केला.
ईदला पाहुण्यांपुढे करून दाखवायची.
रजेवर गेलो की मीही हसायचो,
झकास करायची ती.
सांगितलं असतं
तर तिला पुन्हा करता आलं नसतं.

परवा फणसे गेला.
बातमी फरीदनं दाखवली, फोनवर.
आता तोच इथला सुपरवायझर, कानशिलं पांढरी.
पडद्यावर हार, पुरस्कारांची यादी,
प्रयोगांचा आकडा सरकत होता खालून,
आणि मध्येच तो तुकडा.
मराठी कळत नाही फरीदला.
हातांनी फणसेनं हवेत केलेला फेस
त्यानं ओळखला.
म्हणाला, भाई, ये तो अपना है ना?

सतरा होत्या, मी म्हटलं,
आणि पुढच्या पिशवीत हात घातला:
बोर्डिंग पास, च्युइंगगम,
टिश्यूवर कुणाची तरी सही,
भिजून पसरलेली,
नाव लागत नव्हतं.