आतली टाळू

पहाटे तीनला वीज गेली. बाळ त्याआधी दहा मिनिटं आलं.
शिकाऊ केमिगिसा टॉर्च धरते, तिचा हात थरथरतो,
उजेड बाळाच्या ओठांवर नाचत राहतो
आणि ते चिडून तोंड उघडतं.
बरं झालं. मला तेच हवं होतं.

टाळू दोन असतात, मी तिला सांगते.
एक डोक्यावरची, जिला सगळे जपतात.
दुसरी आत, जिची कुणी चौकशी करत नाही.
करंगळी आत घाल. मागे ने.
कडक, कडक, मग मऊ.
कुठे फट लागते?
नाही.
म्हणजे छप्पर शाकारलेलं आहे.

मधोमध पांढरे दाणे, नाचणीएवढे.
ते आपोआप जातील.
जिभेखालची दोरी सैल.
तोवर बाळानं करंगळी ओढायला घेतलेली,
खांद्यापर्यंत जाणवावी अशी.
दोन किलो सातशे वजन, आणि हा जोर!

मग हिरड्या. इथे मी सावकाश जाते.
वर दोन, खाली दोन, फिकट उंचवटे,
आत सुळे निजलेले.

बाकावरून आजी उठते.
"आहेत ना?"
"काय, अब्वोली?"
"तुला माहीत आहे काय."

तिच्या गाठोड्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
सायकलचा एक स्पोक आहे, दगडावर घासून टोक काढलेला.
होइमाच्या रस्त्यावर तिचं तिसरं नातवंड जुलाबांनी गेलं.
लोक म्हणाले, हिरडीत अळ्या होत्या,
वेळेवर उकरल्या असत्या तर.

भिंतीवरचं पत्रक मी तिला दाखवत नाही.
पत्रकातलं बाळ गोरं आहे, आणि त्याला आठ दात आहेत.
टॉर्च माझ्याकडे वळव, मी केमिगिसाला म्हणते,
आणि आ करते.

चार खड्डे. शेजारचे दात त्यांत कलंडलेले.
मी महिन्याची होते. आईनं धरलं, तिच्या आईनं उकरलं,
मायेनंच.
फोटोत मी कधी दात काढून हसले नाही,
ते आधीच काढलेले होते.

आजी टॉर्च हातात घेते.
माझं तोंड बघते. बाळाचं बघते. पुन्हा माझं.
"पण अडयेरी," ती म्हणते, "तू जगलीस ना?"

याला उत्तर काय देऊ?
माझ्या पाठची दोघं जगली नाहीत,
पण त्यांना इथे येऊन
तोंड उघडून दाखवता येत नाही.

"हे कधी वर येतील?"
"दीड वर्ष तरी."
"तोवर?"
"तोवर दूध."
ती हो म्हणत नाही. गाठोडं मांडीवर घेऊन बसते.

वीज येते. सगळ्यांचे डोळे बारीक होतात.
केमिगिसा रजिस्टरात लिहिते: तोंड, निरोगी.
पुढचा रकाना, पुन्हा तपासणी कधी?
बुधवारी, मी म्हणते.
मग आजीच्या हातांकडे बघते.
खोड ते.
उद्या लिही.