खिडकी क्रमांक तीन

डिसेंबरात इवालोला सूर्य येत नाही.
बाराच्या सुमाराला आभाळ जरा निळं होतं,
पाण्यात मासा वळावा इतकंच,
आणि दोनला दिवेलागण.
मग खोलीतला उजेड हाच इथला ऋतू,
आणि तो बसवायचं काम माझ्याकडे.

वृद्धाश्रमाच्या बाई फोनवर म्हणाल्या,
जेवणघरात कुणी जेवत नाही गं, सिर्क्का.
सूप चांगलं असतं. मी स्वतः चाखते.

शिडी घेऊन गेले.
छताला बारा नळ्या, पांढऱ्या, किंचित गुणगुणणाऱ्या.
खाली सूपमधला सॅल्मन राखाडी,
बटाटे राखाडी,
आणि माणसं अशी, की सगळ्यांना
एकाच दिवशी पासपोर्टच्या फोटोला बसवलंय.
माझे हात पाहिले. आईचे होते.

दाराशी आउने आजी उभ्या. आत येईनात.
"हट्टी आहेत," तिथली नवी मुलगी म्हणाली, "रोजचंच."
आजींनी माझी बाही धरली:
"विहीर आहे."
खाली होतं काळं पायपुसणं.
मी कमरेत वाकले, त्या वाकतात तेवढी,
चष्मा काढला, आणि पाहिलं.
थेट वरून एकच दिवा,
भोवती फरशी लखलखीत,
मधे चौकोनी, तळ नसलेला काळोख.
विहिरीत पाय घालत नाही
तर बाईला हट्टी म्हणतात?

तीन दिवस लागले.
नळ्या उतरवल्या. दिवे टेबलांवर खाली आणले,
मेणाच्या रंगाचे.
भिंतींना उजेड चोपडला, तव्यावर तेलाचा हात फिरवावा तसा.
दाराशी दिवा तिरपा केला,
तर पायपुसण्याचे धागे दिसू लागले, कडेची उसवण,
कुणाच्या तरी बुटाचा वाळलेला चिखल.
मासा गुलाबी झाला. शेपू हिरवी झाली.
आउने आजी उंबऱ्याशी थांबल्या, निरखून बघितलं.
"बुजवली वाटतं," म्हणाल्या.
"आता पाणी कुठून आणायचं?"
आणि घागरा जरासा उचलून ओलांडून आल्या.

मनात म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी
खरोखर उजेड पाडला.

चौथ्या दिवशी बिल द्यायला गेले
तर तिसऱ्या खिडकीपाशी ऊला. ताट तसंच.
मुलीनं सांगितलं: या काळ्या काचेत
रोज एक म्हातारा यायचा,
आणि ऊला त्याच्याशी इनारी सामीत बोलायचे.
आश्रमात ती भाषा आता कुणाला येत नाही.
तो म्हातारा मात्र ओठ हलवायचा,
बरोबर तेच शब्द, एकही न चुकता.

काचेवरची चकाकी मीच मारली होती. कौतुकानं.
आता पलीकडे अंगणातला दिवा दिसत होता, बर्फ,
कुंपण, एक बर्चचं झाड.
ऊला फिनिशमध्ये बोलले, माझ्यासाठी म्हणून:
"तो गेला का?"

आम्हाला शिकवलंय, चकाकी हा दोष.
काचेतलं प्रतिबिंब हा दोष.
प्रकाश मोजायचं यंत्र खिशात होतं.
काढलं, परत ठेवलं.

गाडीतून एक उघडा दिवा आणला,
त्यांच्या तोंडावर पडेल असा टांगला, ओबडधोबड,
शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी रागावले असते असा.
काचेत आधी टोपी आली.
मग कपाळ. मग डोळे, जरा उशिरा,
लांबून चालत आल्यासारखे.
ऊलांनी पाव मोडला, अर्धा काचेपुढे ठेवला
आणि काहीतरी विचारलं.
मला एक अक्षर कळलं नाही.
दोघे हसले.

कामाच्या कागदावर शेवटचा रकाना असतो: शिल्लक दोष.
लिहिलं, खिडकी क्रमांक तीन.
आणि खाली, बारीक अक्षरात:
राहू द्या.