गाठ

खणभागात माझं गादीचं दुकान, पाटीवर नुसतं 'नदाफ'.
मागच्या तालमीत बॉक्सिंगची जी पिशवी लटकते
ती चव्वेचाळीस वर्षं मीच भरतो.
त्याआधी वडील. त्यांच्या धनुकलीची तात
कापडपेठेपर्यंत ऐकू जायची म्हणे.
आता मशीन आहे. आवाज घरघर, धूळ तेवढीच.

काल पोरं आली, चहा अर्धा टाकून.
वाद पेटलेला: सगळ्यांत भारी हात कुणाचा?
सुभेदार येसबा मांढऱ्यांचा,
ज्यांच्यापुढं पलटणीत कुणी नाव द्यायचं नाही?
की मिरज रेल्वेतल्या इमॅन्युएल सातपुतेचा,
जो इंजिनात कोळसा ओढून यायचा
आणि घाम न पुसताच ग्लोव्हज चढवायचा?
की आपल्या सुमेधचा? त्याच्या मनगटावर चिप आहे,
ठोसा बसला की मोबाईलवर आकडा येतो.
"चाचा, तुम्ही तिघांना बघितलंय. सांगा."

बघितलंय व्हय. पण बघण्याचं काय खरं?
येसबा मारायचे तेव्हा मी सात वर्षांचा,
त्या वयात कुठलाही बाप्या डोंगरच.
इमॅन्युएल माझ्या बरोबरीचा, दोस्त;
दोस्ताचा हात माझ्या तराजूत
दोन किलो जास्तच भरतो.
आणि सुमेधच्या वेळेला डोळ्यात मोतीबिंदू.

म्हटलं, थांबा, साक्षीदार दुसराच हाय.
पिशवी उतरवली. टाके उसवले.
कॅनव्हास तीनदा बदललाय, वरून भर घालतोच,
पण पोटातला कापूस जुना, वडिलांच्या हातचा.

बरगडीच्या उंचीला एकच जागा, तळहाताएवढी.
तिथं कापूस कापूस राहिलाच नव्हता,
नख मारलं तर टक्क वाजलं.
वडील म्हणायचे, येसबा वर्षभर एकच ठोसा मारतात.
हनुवटीच्या उंचीला मात्र गाठीच गाठी,
हरभऱ्यापासून लिंबापर्यंत, इकडं तिकडं.
हा इमॅन्युएल. त्याला कायम घाई,
पंढरपूरची छोटी गाडी सुटायच्या आत
जगाला आडवं करायचं असायचं.
आणि वरची भर पांढरी, दबून पुन्हा फुगलेली.
"सुमेध, तू मारतोस आणि हात लगेच मागं घेतोस.
आकडा बघायला."
पोरं हसली. सुमेध नाही हसला.

मग अजून खोल हात घातला तर माती लागली.
एकोणीसचा महापूर. तालमीत छातीभर पाणी,
पिशवी तशीच टांगलेली, कुणाच्या ध्यानातच नाही.
ती पाणी प्यायली, प्यायली,
आणि साखळी तोडून खाली बसली.
नंतर गच्चीवर वाळवली मी, पण वरवर.
आता कुठली गाठ मुठीची आणि कुठली कृष्णेची
मला सांगता येईना.
येसबांची जागासुद्धा, खरं बोलायचं तर,
जरा जास्तच गोल होती.

सुमेध म्हणाला, "आकडा खोटं बोलत नाही, चाचा."
नसंल बोलत.
पण येसबांच्या पोटात एक वेळची भाकरी,
आणि इमॅन्युएलच्या मुठीला पट्टी म्हणून
फाटक्या हिरव्या झेंडीचं कापड.
ते आकड्यात कुठं बसवायचं
हे मला बाबा जमलं नाही.

सगळं मशीनमध्ये घातलं.
साठ वर्षांचा मार छतापर्यंत उडाला,
पोरांच्या केसात, भुवयांवर, कपातल्या उरलेल्या चहात.
शिंकून शिंकून वाद मिटला.
दिवेलागणीला टाके घालून पिशवी टांगली.
सुमेधनं एक ठेवून दिला.
आकडा आला. परवापेक्षा कमी.

एक गाठ मी पिंजायला घातली नाही.
लिंबाएवढी. उशीत घालून शिवली.
सकाळी बायको विचारते, मान का धरली?
म्हटलं, वय झालं.